दाजी, ॲम्पचा लाल दिवा लागतोय

दिवाळीच्या आठ दिवस आधी कराडहून मेहुण्याचा फोन. "दाजी, गाडीत गाणं लावलं की दहा मिनिटांत ॲम्पचा लाल दिवा लागतोय आणि बेस बंद. जरा थांबलं की परत चालू. पीसच खराब आला असंल काय?"

"सब किती आहेत? आणि कॉईल किती ओहमची?"

"दोन हायेत, बारा इंची. ओहम काय म्हाईत नाही. पण वायरिंग एक ओहमला केलंय म्हणाला फिटिंगवाला. फुल पॉवर मिळती म्हणं."

"आणि ॲम्प किती ओहमपर्यंत चालतो, ते विचारलंस?"

पलीकडे शांतता. अर्धं निदान तिथेच झालं. (सब म्हणजे सबवूफर, नुसता बेस वाजवणारा मोठा स्पीकर. ॲम्प म्हणजे त्याला जोर पुरवणारा ॲम्प्लिफायर. आणि ओहम हे करंटला होणाऱ्या अडथळ्याचं माप.)

मी भोसरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. दिवसभर मोटारी, पॅनेल, ट्रिप झालेले ड्राइव्ह. स्पीकरचा नाद त्याआधीचा. आयटीआयला असताना टीडीए २०३० या ॲम्पच्या चिपची किटं आणून जोडायची आणि जाळायची, हा उद्योग मी दोन वर्षं मन लावून केलाय. त्यामुळे सासरी कुठलीही वस्तू बोलायची थांबली की फोन मला येतो. मिक्सरसुद्धा.

जायच्या आदल्या शनिवारी तापकीर गल्लीत जाऊन थोडं सामान घेतलं. मोठा फ्यूज होल्डर, ६० अँपिअरचे दोन फ्यूज, वायरीच्या टोकाला लावायचे थिंबल, चार गेजची जाड सहा मीटर लाल केबल. केबल घेताना टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडून बघायची सवय लावून घ्या. बाजारात गाडीच्या साउंडसाठी म्हणून जी स्वस्त केबल मिळते, ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असते आणि वर तांब्याचा मुलामा. खरवडली की आत पांढरी निघते. (कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार याच्या उलट, बाहेरून पांढरी आणि आतून लाल. ती चांगली.) ॲल्युमिनियमवाली चालत नाही असं नाही, पण तेवढाच करंट न्यायला ती बरीच जाड लागते आणि विकणारा तिला तांब्याच्याच गेजात मोजतो. दुकानदाराने माझ्याकडे जरा वाकडं बघितलं. बघू दे.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी अंगणात गाडी काढली. मेहुण्याने सेकंडहँड घेतलेली स्विफ्ट, पेट्रोल. डिक्कीत काळ्या गालिच्याचं कापड लावलेला भलामोठा बॉक्स, त्यात दोन सब. बायको चकल्यांचं ताट घेऊन बाहेर आली, माझ्या हातात दहा नंबरचा पाना बघितला आणि म्हणाली, "अहो, सणाला आलायत की गॅरेज काढायला?" चकल्या मात्र ठेवून गेली.

सबचं बघण्याआधी बोनेट उघडलं, आणि बरं झालं उघडलं. बॅटरीच्या प्लसवरून निघालेली केबल सरळ आत गेली होती, वाटेत काही नाही. फ्यूज होता, पण कुठे? मागे डिक्कीत, ॲम्पच्या शेजारी. म्हणजे बोनेटपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर केबल पायपुसण्यांखालून, सीटच्या पट्ट्यांशेजारून गेलेली, आणि तिला राखण कोणाची नाही. ॲम्पचं रक्षण करायला ॲम्पच्या अंगावर त्याचे स्वतःचे फ्यूज असतात. हा बाहेरचा मोठा फ्यूज असतो तो केबलसाठी. सीट मागे-पुढे करताना कधी इन्सुलेशन फाटलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, की बॅटरी आपल्याकडे आहे ते सगळं त्या केबलमधून ओतते. केबल लाल होते, मग गालिचा पेटतो. म्हणून फ्यूज बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत हवा. हे ज्याला कळत नाही त्याने गाडीला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी मेहुण्याला चकली खात ऐकवलं.

त्यावर इंजिनाकडून केबल आत येते त्या पत्र्याच्या भोकाला रबरी ग्रोमेटही नव्हता. कोरी धार. केबल बदलली, ग्रोमेट घातला, फ्यूज पुढे आणला. यात तास गेला.

मग अर्थिंग. ॲम्पची काळी वायर डिक्कीतल्या एका बोल्टला आवळलेली, पण बोल्टखाली कंपनीचा रंग तसाच. मल्टीमीटर डीसी व्होल्टला ठेवला, एक पिन ॲम्पच्या मायनसला, दुसरी लांब वायरीने बॅटरीच्या मायनसला, आणि मेहुण्याला गाणं लावायला सांगितलं. बेसच्या प्रत्येक ठोक्याला आकडा ०.९ पर्यंत उडत होता. खरं तर तो शून्याजवळ हवा. एवढे व्होल्ट त्या रंगाच्या थरात मरत होते. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा पांढरीशुभ्र घासली, थिंबल क्रिम्प करून आवळला, वरून गंज धरू नये म्हणून ग्रीस. परत मोजलं तर ०.१. (सीटबेल्टचा बोल्ट यासाठी कधीही वापरू नका. तो तुमच्या जिवासाठी आहे, गाण्यासाठी नाही.)

आता मुख्य दुखणं.

बॉक्सच्या मागे एक टर्मिनल, त्यातून ॲम्पला गेलेल्या दोन वायरी. त्या ॲम्पकडून सोडवल्या आणि मीटर ओहमला लावला. १.१ दाखवलं. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या की ०.२ येत होतं, ते वजा केलं, राहिलं ०.९.

एक सब खोलून बाहेर काढला. मागे चुंबकाच्या दोन्ही अंगांना क्लिपा, लाल-काळी आणि लाल-काळी. म्हणजे डबल कॉईल. एकाच नळकांडीवर दोन वेगवेगळ्या कॉईल गुंडाळलेल्या असतात, दोन्ही मिळून एकच कोन ढकलतात. प्रत्येक कॉईल सुटी मोजली, ३.६ आली. कंपनी तिला ४ ओहम म्हणते आणि त्यात फसवाफसवी नाही. मीटर नुसता तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो, गाणं वाजताना कॉईल एसी बघते आणि तिथे अडथळा थोडा जास्तच असतो, फ्रिक्वेन्सीनुसार वर-खाली होणारा. ४ चा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास येतो, ८ चा सहाच्या आसपास. ४ च्या स्पीकरवर मीटरने बरोब्बर ४ दाखवावं असा हट्ट धरू नये.

तर, अशा चार कॉईल. चारही पॅरललमध्ये जोडलेल्या. चार भागिले चार, एक. आणि ॲम्पच्या अंगावर स्वच्छ छापलेलं: ४ ओहमला ३०० वॉट, २ ओहमला ५००. एक ओहमचं नाव कुठेही नाही.

मेहुण्याला कागद लागला म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरचं उलटून गेलेलं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला चार कॉईल काढल्या. चार ओहमच्या चार कॉईलचा हिशेब करायला बसलं तर सरळ तीनच उत्तरं येतात. सगळ्या पॅरलल, १ ओहम. सगळ्या सिरीज, १६. आणि प्रत्येक सबच्या दोन कॉईल आपापसात सिरीज करून ८, मग ते दोन सब एकमेकांना पॅरलल, ४. हव्या तितक्या वायरी उलटसुलट करा, चारही कॉईल समान वाटा उचलतील अशा जोडणीत २ ओहम येतच नाही. ॲम्पला जिथे सगळ्यात जास्त जोर आहे, नेमका तोच आकडा या जोडीला जमत नाही. हाच सब २-२ ओहमच्या कॉईलचा घेतला असता, तर सिरीज करून ४, दोन पॅरलल, २, काम फत्ते. बऱ्याच कंपन्या एकच मॉडेल दोन्ही कॉईलींत विकतात. दुकानात तेवढं एक वाक्य कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

"मग एक ओहमला काय बिघडतंय?" मेहुण्याचा खरा प्रश्न हा होता. "वाजतं तर जोरात."

दहा मिनिटं वाजतं, हे बिघडतंय. ॲम्प तेवढेच व्होल्ट देतो आणि समोरचा अडथळा निम्मा झाला की करंट दुप्पट होतो. त्याबरोबर आतल्या ट्रान्झिस्टरमधली उष्णताही झपाट्याने वाढते. तापला की तो स्वतःला बंद करून घेतो, तो लाल दिवा त्याचा. शहाणा ॲम्प आहे म्हणून दिवा लावतो, नाहीतर धूर काढला असता.

सासरे केव्हापासून खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे सगळ्या सऱ्यांत एकदम पाणी सोडल्यागत झालं म्हणा की. वाटा चार झाल्या, पाणी धो धो जातंय, आन् तकडं मोटर तापून ष्टार्टर पडतोय."

अगदी तेच. त्यांच्या विहिरीवरची मोटर खरंच असं करते, व्हॉल्व्ह पूर्ण सोडला की अँपिअर चढतात, म्हणून ते तो थोडा आवळून ठेवतात. मामांचं शिक्षण सातवी. मेहुणा बीकॉम आहे.

तेव्हा ४ ओहमला जोडायचं ठरलं. आतली जुनी वायर घरातल्या छोट्या स्पीकरला वापरतात तसली लाल-काळी चपटी, बारीक. मामांच्या शेडमध्ये अडीच एमएमच्या वायरचा उरलेला गुंडाळा होता, तो कापला. पहिल्या सबवर एका कॉईलचा मायनस दुसऱ्या कॉईलच्या प्लसला, उरलेली दोन टोकं बाहेर. दुसऱ्यावरही तसंच. दोन्ही जोड्या टर्मिनलवर एकत्र. मीटर लावला, ३.६. हिशेब जुळला. स्क्रू आवळले, गाणं लावलं.

बेस गायब.

म्हणजे आवाज येत होता, पण पोकळ, डब्यातल्यासारखा. आधी छाती हलत होती ती हलेना. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं आणि सभ्यपणे काही बोलला नाही. मामा बोलले. "पावणं, मगाशी चांगलं वाजत हुतं की."

मी उगाच गेन बघितला, फ्यूज बघितला, फिल्टरचा बटण फिरवून बघितला. मग डोक्यात प्रकाश पडला. मीटरचा ओहम बरोबर आला म्हणजे जोडणी बरोबर आली असं नाही. मीटरला प्लस-मायनसची दिशा कळत नाही. दुसरा सब मी बॉक्सच्या आत डोकं घालून उलट्या बाजूने जोडला होता, लाल-काळीची अदलाबदल झालेली. एक कोन बाहेर येतो त्याच क्षणी दुसरा आत जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. बेसच्या लाटा कित्येक फूट लांब असतात, त्यामुळे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन सबचं हे भांडण जवळपास पूर्ण वजाबाकीवर संपतं. दोन्ही सब ठणठणीत, ॲम्प ठणठणीत आणि बेस शून्य.

याचं औषध घड्याळातला पेन्सिल सेल. दीड व्होल्टचा सेल घ्यायचा, त्याचा प्लस सबच्या प्लसला, आणि मायनस क्षणभर टेकवायचा. टक् असा आवाज येतो आणि कोन किंचित बाहेर सरकतो. आत गेला तर वायर उलटी. हात कोनावर हलका ठेवला की डोळे झाकूनही कळतं. सेल टेकवून धरून ठेवू नये, टेकवायचा आणि काढायचा. पहिला सब बाहेर आला. दुसरा आत गेला. वीस वर्षं मोटारींचे फेज बघतोय मी.

आणखी एक, माझ्याकडून हे झालं नाही पण होऊ शकलं असतं. एकाच सबच्या दोन कॉईलींपैकी एक उलटी जोडली तर त्या दोघी एकाच नळकांडीवर बसून एकमेकींविरुद्ध जोर लावतात. कोन हलत नाही आणि सगळी पॉवर नुसती उष्णता होऊन कॉईलमध्ये बसते. मीटर तेव्हाही ३.६ च दाखवणार. म्हणून डबल कॉईलवाल्यांनी सेल प्रत्येक कॉईलला सुटा लावून बघायचा, मगच जोडायचं.

वायर उलटवली. छाती परत हलू लागली. मामांनी खाटेवरूनच मान डोलावली.

मेहुण्याचं तोंड मात्र उतरलेलं. ॲम्पवरचा आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. "म्हणजे ५०० चा ॲम्प घेऊन ३०० वरच चालवायचा? त्यापेक्षा एकच सब ठेवला, दोन्ही कॉईल पॅरलल केल्या, तर २ ओहम येतंय की. फुल पाचशे."

मुद्दा चुकीचा नव्हता. मग म्हटलं, ऐकूनच ठरवू. त्याला फाटकापाशी पाठ करून उभं केलं. मोबाईल त्याच्या शेजारी खांबावर, डेसिबल दाखवणारं ॲप लावून. त्या ॲपवर माझा काडीचा भरवसा नाही, पण दोन्ही वेळा तोच मोबाईल, तीच जागा, तेच गाणं आणि गाडीच्या टेपचा आवाज १८ वर, एवढं पुरे. बॉक्सच्या मधे फळी आहे, दोन्ही सबचे कप्पे वेगळे, त्यामुळे एक बंद ठेवला तरी दुसऱ्याची हवा बिघडत नाही. एकदा एकटा सब २ ओहमला. मग वायरी बदलून दोन सब ४ ओहमला. त्याला सांगितलं नाही कधी कोणतं ते.

त्याने एकट्या सबला दोन समजलं. ॲपवर फरक एका डेसिबलच्याही आतला.

यात जादू काही नाही. टेपचा आवाज तोच, म्हणजे ॲम्पचे व्होल्ट तेच. एकट्या सबच्या दोन्ही कॉईलला पूर्ण व्होल्ट मिळतात. दोन सब सिरीज-पॅरलल केले की प्रत्येक कॉईलला निम्मे व्होल्ट, निम्मा करंट, म्हणून प्रत्येक कोन निम्माच हलतो. पण कोन दोन आहेत. दोघांनी ढकललेली हवा मिळून तेवढीच. आवाज तोच आणि ॲम्पवरचा भार निम्मा. शिवाय कोन निम्मा हलतोय म्हणजे जोराच्या ठोक्याला तो फडफडत नाही, हे कानाला नंतर कळतं. ३०० आणि ५०० मधला फरक डेसिबलात मांडला तर सव्वादोन भरतो. गाडीची काच दोन बोटं खाली केली तर याहून जास्त फरक पडतो.

एक ओहमचं मात्र खरं सांगायला हवं. एक ओहमला हजार वॉट देणारा ॲम्प असता, तर त्याच टेपच्या आवाजावर तो सहा डेसिबलने जोरात वाजला असता, आणि ते कोणालाही ऐकू येतं. पण हजार वॉटला चौदा व्होल्टवर, ॲम्पमधलं वाया जाणारं धरून, ऐंशी-नव्वद अँपिअर लागतात. या गाडीला बॅटरी आहे ३५ अँपिअर-अवरची. आधीच्या वायरिंगवर बेसच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत होते, ते त्याने फोनवर सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, तसंच असतं.

शेवटी गेन. हा बटण आवाज वाढवायचा नाही. टेपकडून किती सिग्नल आला म्हणजे ॲम्पने पूर्ण जोर लावायचा, एवढंच तो ठरवतो. आमच्याकडे तो शेवटपर्यंत पिळलेला होता. सबच्या वायरी काढल्या, बेस बूस्ट शून्यावर, मोबाईलवरून ५० हर्ट्झचा सलग टोन, टेपचा आवाज पाऊणवर आणि मीटर एसी व्होल्टला. ३०० वॉट गुणिले ४ ओहम, १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. गेन शून्यातून हळूहळू वाढवत ३४ वर आणून सोडला. फिल्टर ८० हर्ट्झवर, म्हणजे त्याखालचाच आवाज सबकडे. ॲम्पला चालू-बंद व्हायला सांगणारी रिमोटची निळी वायर थेट बॅटरीच्या लाइनवर जोडलेली सापडली, म्हणजे ॲम्प रात्रभर जागा. सकाळी गाडी ढकलून चालू करावी लागत होती म्हणे अधूनमधून. ती टेपच्या निळ्या वायरीला लावली.

एवढं होईपर्यंत साडेपाच वाजले. आतून हाका येत होत्या, पाट मांडून ठेवलेला, ओवाळायला बहीण थांबलेली आणि भावाचे हात कोपरापर्यंत काळे. पेट्रोलच्या बोळ्याने पुसून तो तसाच जाऊन बसला. आरतीच्या तबकात पेट्रोलचा वास नको म्हणून सासूबाईंनी त्याला उठवून परत साबणाने हात धुवायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी तो कोल्हापूरला जाऊन आला. जाता-येता दीडशे किलोमीटर, गाणं सलग चालू, लाल दिवा एकदाही नाही, ॲम्पला हात लावला तर कोमट. फक्त मागची नंबर प्लेट बेसला खडखडते म्हणाला. ती काढून मागे फोमची पट्टी लाव, असं सांगितलं. लावली. आता म्हणतोय डिक्कीचं झाकणच आतून गुणगुणतं. त्याला पत्र्याला चिकटवायची डॅम्पिंग शीट लागेल, संक्रांतीला जाताना घेऊन जाईन.